मंद्रूप : दोन नद्यांमधली तहान

सोलापूरच्या एस.टी. स्टँडवरून विजापूरच्या गाडीत बसले, की सोरेगाव मागे पडते, हत्तूर मागे पडते, वडकबाळला सीना नदीचा पूल लागतो आणि थोड्याच वेळात मंद्रूप येते. अंतर पंचवीसेक किलोमीटरचे. तसेच पुढे गेले तर टाकळीला भीमा नदी आडवी येते आणि पलीकडे कर्नाटक सुरू होते. म्हणजे मंद्रूपच्या एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा. पुढे हत्तरसंग कुडलला या दोघींचा संगम होतो. तिथल्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख पाहायला अभ्यासक लांबून येतात. नकाशा पाहणाऱ्याला वाटावे, दोन नद्यांच्या कुशीतला हा मुलूख, इथे पाण्याला काय तोटा! पण नदी कुशीत असली म्हणून ती घागरीत असतेच असे नाही. हे आमच्या माता-भगिनींना वेगळे सांगायला नको.

एप्रिलच्या उन्हात आम्ही या गावी गेलो ते देवदर्शनाला नव्हे की लग्नकार्यालाही नव्हे. हवामान बदलले, जगाचे तापमान वाढले, असे रोज टी.व्ही.वर ऐकतो. २०२१ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी सांगितले, की कारखानदारी सुरू होण्यापूर्वीच्या मानाने पृथ्वी एका अंशाहून अधिक तापली आहे. २०२४ चे वर्ष तर दीड अंशाच्याही वर गेलेले पहिले वर्ष ठरले. एक-दीड अंशाने काय बिघडते, असा प्रश्न आम्हालाही पडत असे. त्याचे उत्तर सोपे आहे. हवा एका अंशाने तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. त्यामुळे ती जमिनीतली ओल लवकर शोषते, आणि परत देते तेव्हा एकदम ओतते. म्हणून पावसाचे दिवस कमी आणि धिंगाणा जास्त. मग अशा दिवसांत हातावर पोट असलेली माणसे आपली व्यवस्था कशी लावतात, स्वतःची किती आणि सरकारची किती, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून आम्ही निघालो.

या भागाची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरात परतीच्या वाटेवर पडणारा. म्हणून इथले मुख्य पीक रब्बीची ज्वारी. आपण जिला मालदांडी म्हणतो, ती एम ३५-१ ही निवडही याच सोलापूर जिल्ह्यात, मोहोळला झालेली. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र इंग्रजी अमदानीत, १९३३ साली निघाले. कमी पाण्यात भागवण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. पावसाने ओल दिली, की तिच्यावर पेरायचे आणि मग थंडीतल्या दवावर पीक आणायचे, हा इथला पिढ्यांचा हिशेब. आता सप्टेंबरचा पाऊस एक तर येत नाही, नाहीतर पेरणीच वाहून नेतो. हिशेब चुकला तो तिथे.

गावात शिरल्यावर आमची नजर गेली ती घरांच्या डोक्यांकडे. जुन्या वाड्यांना माळवद आहे. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी सरे, वर दाबून बसवलेला मातीचा थर. बाहेर त्रेचाळीस अंश असले तरी आत विहिरीच्या पायऱ्यांवर बसल्यासारखे वाटते. आमच्या वस्तीकडे वळलो तसे माळवद संपले आणि पत्रा सुरू झाला. मधून मधून घरकुलाचा स्लॅब. माळवदाला माती पाहिजे, लाकूड पाहिजे, दरसाल डागडुजीला हात पाहिजेत, आणि जाड भिंतीला जागा पाहिजे. रमाई आवास योजनेचे घरकुल २६९ चौरस फुटांचे. त्यात भिंतच हातभर जाड केली तर माणसांनी राहायचे कुठे?

एका घरी आम्हाला पाणी दिले. आजींनी आधी ‘जय भीम’ केला, मग पाट सरकवला. स्लॅबचे घर मिळाल्याचा आनंद विचारला तर म्हणाल्या, “घर झालं, लई चांगलं झालं. पावसाळ्यात आता ताटं-पातेली मांडाय लागत न्हाईत. पर उन्हाळ्यात रात्रीच्याला त्यो स्लॅब निवत न्हाई बघा. पत्रा दिवसा जाळतोय, पर दिवस बुडला की गार तरी होतोय.” शास्त्राच्या पुस्तकात जे चार पाने लावून सांगतात, ते आजींनी दोन वाक्यांत सांगितले. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. म्हणून घरातले सगळे अंगणात निजतात. ज्यांच्या दाराला अंगण नाही ते रस्त्याच्या कडेला. तरुण मुली आणि बाळंतिणी मात्र आतच. उन्हाळ्याचा हा वाटा कुणाच्या अंगावर पडतो, तो इथे दिसतो.

या वस्तीतल्या बाया गप्प बसलेल्या नाहीत. एका घरी पत्र्याखाली जुन्या साड्या शिवून छत ताणले होते, पत्रा आणि छत यांत वीतभर पोकळी. दुसऱ्या घरी पत्र्यावर तुराट्या आणि उसाचे पाचट पसरून वर दगड ठेवले होते. (पाचटाने घर गार राहते खरे, पण चुलीची एक ठिणगी पुरे होते. ज्यांच्या घरी चूल बाहेर आहे त्यांनीच हे करावे.) एका तरुण दादाने स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले होते. चुना विरघळवायचा, त्यात थोडा डिंक घालायचा आणि मार्च लागला की खराट्याने स्लॅब धुऊन संध्याकाळी फासायचा. अहमदाबाद शहरात २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसे दगावली, तेव्हा तिथल्या महापालिकेने २०१३ साली उन्हाळ्याचा बंदोबस्त आखला. पुढे त्यात गरिबांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही घेतले. आतल्या हवेत दोन-चार अंशांचा फरक पडतो. तिथे महापालिकेने केले, इथे या दादाने स्वतःच्या खिशातून केले. फरक असला तर एवढाच, की तिथे एका निर्णयाने हजारो छपरे पांढरी होऊ शकली, इथे एक झाले.

घरातल्या कर्त्या बाईने ध्यानात ठेवावे असे थोडे इथेच सांगून ठेवतो. उन्हातून आलेल्या माणसाचा घाम थांबला, अंग तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर ओले फडके फिरवून वारा घालावा, आणि वाट न पाहता दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. नुसती गळाठी आली असेल, शुद्ध असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे सपाट साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे.

आता शेतमजुरीचे पाहू. इथल्या बाया उन्हाळ्यात भल्या पहाटे कामावर जातात आणि अकराच्या सुमाराला परततात. ऊन चढायच्या आत काम उरकायचे. ही झाली घरगुती युक्ती. पण काम अर्धे झाले म्हणून मालक हजेरीही अर्धीच धरतो. म्हणजे ऊन वाढले त्याचा भुर्दंड बाईच्या पदरातून गेला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि तळी खोदायला महाराष्ट्रात लाखो माणसे उतरली होती. १९७३ च्या मे महिन्यात हा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला. आमच्या वस्त्यांतल्या आज्या अजून सुकडी आणि मिलोचे नाव काढतात. त्या घामातून रोजगार हमीचा कायदा आला. १९७७ साली विधिमंडळाने तो केला, आणि २००५ मध्ये केंद्राने देशभराचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच कित्ता समोर होता. कामाच्या जागी सावली, प्यायचे पाणी आणि लहान लेकरांची सोय ठेवली पाहिजे, हे त्यात लिहिलेले होते. पुढे नावे आणि नियम बदलत गेले, पण सावली मागणे हा भिकेचा विषय नसून हक्काचा आहे, ही गोष्ट तेव्हापासून कागदावर आहे. खाजगी मालकाच्या बांधावर असे काही लिहिलेले नसते.

पाण्याकडे वळलो, तेव्हा खरी गोम कळली.

गावाबाहेर पडले, की कुठे कुठे शेतात काळ्या प्लास्टिकने मढवलेली शेततळी दिसतात. उंच बांध, भोवती तारेचे कुंपण. २०१६ पासून सरकारने मागेल त्याला शेततळे देऊ केले. कल्पना वाईट नव्हती. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि गरजेला पिकाला द्यायचे. पण सोलापूर, नगर, नाशिकच्या कोरड्या पट्ट्यात अनेक ठिकाणी असे झाले, की ही तळी पावसाने न भरता विंधन विहिरीच्या पाण्याने भरू लागली. जमिनीखालचे पाणी विजेवर उपसायचे, प्लास्टिकवर साठवायचे, म्हणजे उन्हाळ्यात डाळिंब किंवा द्राक्ष जगते. जमिनीखाली होते तोवर ते सगळ्यांचे होते, हातपंपाचेही होते आणि शेजारच्या आडाचेही होते. तळ्यात आले की ते कुंपणाच्या आतले झाले, आणि वर त्याची वाफ होऊ लागली ती वेगळीच. एकाने दोनशे फूट घेतला की शेजारी चारशे फूट घेतो, तिसरा सहाशेवर जातो. जो शेवटी कर्ज काढतो त्याला नुसता फुफाटा लागतो. या शेतकऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्याही डोक्यावर सोसायटीचा बोजा आहे. पण प्रत्येकाने आपापले जुळवून घेतल्याने सगळ्यांचे मिळून जुळत नाही, हे इथे उघड दिसते.

कायदा नाही असे नाही. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला, त्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आता आपापल्या गावात बोअरची गाडी किती फुटांवर थांबते, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

मंद्रूपला सून होऊन आलेल्या एका ताईंनी त्यांच्या माहेरची गोष्ट सांगितली. गावाचे नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. तिथे आमच्या वस्तीचा हातपंप पंधरा वर्षे चालला. जवळच्या मळ्यात दोन बोअर झाले, तळे झाले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात हातपंप खडखड करू लागला. “मग मळ्यावर पाणी आणाय जायाचं. ते देत न्हाईत असं न्हाई. देतात की. पर माझी आई घागर घिऊन हुबी राहती आन् ते मोटार चालू करूस्तवर तिनं अंगण झाडायचं. कुणी सांगितलं न्हाई झाड म्हणून. पर झाडती.”

आमच्या मते हवामान बदलाची सगळी चर्चा या घागरीपाशी येऊन थांबते. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपण चवदार तळ्याचे पाणी घेतले ते सार्वजनिक तळे होते. सार्वजनिक होते म्हणूनच हक्क सांगता आला. पाणी कुंपणात गेले, की हक्क संपतो आणि उपकार सुरू होतो.

शहराची गोष्ट आणखी निराळी. मंद्रूपच्या पुढे टाकळीला भीमेतून सोलापूर शहरासाठी पाणी उचलतात, सोरेगावला नेऊन शुद्ध करतात आणि मग ते शहराच्या नळाला जाते. उन्हाळ्यात नदी आटली, की वर उजनी धरणातून पाणी सोडायचे आणि ते औज व चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवायचे. उजनी ११७ टी.एम.सी.चे धरण, त्यातले त्रेसष्ट मृतसाठ्याचे. शहराला लागते थोडे, पण नदीतून पाठवायचे म्हणून कितीतरी पट सोडावे लागते, कारण वाटेत वाळू पिते, ऊन पिते आणि मोटारी पितात. मोटारींनी पिऊ नये म्हणून नदीकाठची वीज तोडतात. पाणी दारावरून जाते आणि दारातली वीज जाते, असा हा दुहेरी उन्हाळा. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एन.टी.पी.सी.चा १३२० मेगावॉटचा कोळशाचा वीज प्रकल्प आहे, त्यालाही उजनीचेच पाणी. कोळसा जाळून हवा तापवायची आणि त्यासाठी तहानलेल्या जिल्ह्याचे पाणी घ्यायचे, हे गणित कुणी जुळवले असेल ते असो.

आणि मग २०२५ च्या सप्टेंबरात हीच सीना उलटली. माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतली काठावरची गावे पाण्याखाली गेली, वडकबाळजवळ पाणी आल्याने विजापूरचा महामार्ग बंद पडला. त्याआधी २०२० च्या ऑक्टोबरात भीमेने असाच दणका दिला होता. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते आणि पाटबंधारे व वीज यांचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. १९४५ च्या नोव्हेंबरात कटकला महानदीच्या पुराबद्दल बोलताना त्यांनी सांगितले होते, की पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या टंचाईने माणसे जास्त पिडली आहेत, म्हणून पुराचे पाणी समुद्रात लोटण्याचा विचार सोडून ते साठवण्याचा विचार करावा. ऐंशी वर्षे झाली. आपल्याकडे पूर आणि टँकर एकाच तालुक्यात येऊन जातात.

पुरानंतर सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पिकाची मदत हेक्टरच्या हिशेबाने ठरते. ज्याची तूर कुजली त्याचा पंचनामा झाला, तो व्हायलाच पाहिजे होता. पण ती तूर काढायला जी बाई जाणार होती, तिची महिनाभराची मजुरी कुजली, तिचा पंचनामा कुठल्या कागदावर? सातबारा नाही म्हणून शेततळे नाही, नुकसानभरपाई नाही, ठिबकचे अनुदान नाही. जुळवून घेण्याच्या बहुतेक सरकारी योजनांचे दार सातबाऱ्याच्या किल्लीने उघडते, आणि आमच्यातल्या निम्म्या-अधिक घरांत ती किल्लीच नाही.

ज्यांच्याकडे तुकडा आहे त्यांनी मात्र बसून राहू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना २०१७ पासून आहे. तिच्यात नव्या विहिरीला सुरुवातीला अडीच लाखांचे अनुदान होते, पुढे ते वाढले. पण विहिरीला किमान एक एकर लागते. भूमिहीनांना जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजना २००४ ची. चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत देण्याची तिची तरतूद. अडचण अशी, की जमीन विकणारा सापडला पाहिजे, आणि सरकारी दराने विकणारा तर पाहिजेच पाहिजे.

याच तालुक्यात अक्कलकोट रस्त्याला वळसंग गाव आहे. गावचे पाणी बंद होते म्हणून तिथल्या आपल्या माणसांनी स्वतः राबून विहीर खोदली, आणि १९३७ साली बाबासाहेब तिथे आले तेव्हा त्यांच्या हातून तिचे पाणी शेंदले गेले. ती विहीर कुणा एकाची नव्हती आणि सरकारचीही नव्हती, ती वस्तीची होती. आम्हाला ही तिसरी वाट महत्त्वाची वाटते. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली, तिचे नियम वाचून आम्ही थक्क झालो. पाणी एकरावर द्यायचे नाही, माणशी द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, घरी माणसे कितीही असोत, अडीच एकरांवर नाही. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा. खर्चातला पाचवा हिस्सा लोकांनी घालायचा. पाणी माणसामागे मोजता येते, हे महाराष्ट्रात करून दाखवलेले आहे. अशक्य म्हणणाऱ्यांना नायगाव दाखवावे.

वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी दहा-बारा बाया जमल्या, तिथे आम्ही हे सारे बोललो. २०१९ पासूनच्या नळ योजनेत माणशी रोज पंचावन्न लिटरचे माप धरले आहे, असे सांगितल्यावर त्यांनी लगेच बॅरलवर हिशेब केला. पाच माणसांच्या घराला पावणेतीनशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे एक बॅरल आणि वर पाच घागरी. एक ताई म्हणाल्या, आपण कधी मोजलंच न्हाई. मग ठरले, की आठ दिवस प्रत्येकीने किती घागरी आल्या ते दाराच्या चौकटीवर खडूने मांडायचे, आणि १ मेच्या ग्रामसभेत तो आकडा वहीत लिहून न्यायचा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला पंधरा टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च व्हायचा असतो, त्यातून यंदा विहाराच्या आणि अंगणवाडीच्या छपराला चुना आणि ओट्यावर सावलीचा मांडव मागायचा. वही कुणी धरायची यावर थोडा वाद झाला. शेवटी दहावीला बसलेल्या एका मुलीकडे ती गेली, कारण तिचे अक्षर चांगले आहे.